चारही उत्तरे तंजावर

अड्यार, चेन्नई
१८ जुलै २०२४

चि. इरास सईबाईचे अनेक आशीर्वाद.

परवा तू आम्हा भावाबहिणीला तुझ्या संस्थेत बोलावलेस, वेगवेगळ्या खोल्यांत कोंडलेस, बटणे दाबायला लावलीस, कागद भरून घेतलेस आणि शेवटी कॉफी पाजून वाटेला लावलेस. निकाल मात्र सांगितला नाहीस. परीक्षा घेऊन मार्क न देणारी मास्तरीण मी पहिल्यांदाच बघितली.

फोन न करता पत्र का, असे विचारशील. सत्तावीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, आता माझेच कान बंद पडले. समोरच्याचे ओठ दिसले तर कळते. फोनला ओठ नसतात. मेसेज करायचा तर मराठीत कोणाला करू? चुलतभावाची मुलगी कीर्तना पेरुंगुडीला कंप्युटरच्या कंपनीत आहे, ती आमची तंजावरची मराठी थोडी बोलते, वाचता मात्र येत नाही. बाकीच्या पोरांचीही तीच गत. महाराष्ट्र मंडळात तू भेटलीस, नगरकडची, टकाटका मराठी बोलणारी, तेव्हाच ठरवले की हिला लिहायचे.

आम्ही मूळचे तंजावरचे. अण्णा, म्हणजे मानाजी, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याने लग्न केले नाही. माझा नवरा गेल्यावर मला घेऊन आला, तेव्हापासून एकतीस वर्षे आम्ही या तळमजल्यावरच्या पोर्शनमध्ये आहोत. त्याने कोणते बटण दाबले ते तो सांगत नाही, म्हणून मीही सांगत नाही. घरात दोन दिवस त्यावरून रुसवा आहे.

आणि एक सांग. 'फक्त तुमच्याच मनासारखे करायचे झाले तर कुठे राहाल', हा प्रश्न त्या कागदावर कशाला? बटणांचा आणि त्याचा काय संबंध?

तुझी
सईबाई

•

गिंडी, चेन्नई
२ ऑगस्ट २०२४

प्रिय सईमावशी,
सा. न.

तुमचं पत्र मी हॉस्टेलमध्ये सगळ्यांना दाखवत फिरले. मला आजवर कोणी पत्र लिहिलेलं नाही.

निकाल ऐका, पण मानाजीमामांशी भांडू नका. बटणांचा तो खेळ दाराचा होता. दार अरुंद, एका वेळी एकानेच जायचं. दोघं घुसलात तर धडक, दोघं 'तू आधी' म्हणालात तर दोघंही दारातच. अनोळखी जोड्या पाच-सहा फेऱ्यांत शहाण्या होतात, आळीपाळीने जातात. तुम्ही दोघं वीस फेऱ्यांपैकी एकोणीस वेळा दारात उभे! आतापर्यंतच्या चाळीस जोड्यांत सगळ्यात कमी गुण तुमचे, जोडी क्रमांक सतरा. आमचे सर हसले, मला रडू यायला लागलं.

माझा विषयच हा आहे. खेळात एक जागा अशी येते की तिथून एकट्याने हलून कोणालाच फायदा नसतो, म्हणून कोणी हलत नाही. त्याला समतोल म्हणतात. ती जागा चांगलीच असते असं नाही, फक्त टिकते. लोक मानतात की माणसं एकमेकांची काळजी करणारी असली की सगळं आपोआप बरं होईल. गणितात तसं निघत नाही. दोघंही दुसऱ्याच्याच सुखासाठी खेळले, तर कधीकधी दोघंही अशा जागी जाऊन बसतात जी कोणालाच नको होती.

आता जे लिहिणार आहे ते मी लिहायला नको. कागदावरची उत्तरं कोणाला सांगायची नाहीत असा आमचा नियम आहे, त्यावर माझी सही आहे. पण मला राहवत नाही. कागदावर दोन प्रश्न होते. तुम्हाला स्वतःला कुठे राहायला आवडेल, आणि तुमच्या माणसाला कुठे आवडेल. तुम्ही दोन्हीकडे तंजावर लिहिलंत. मामांनीही दोन्हीकडे तंजावर लिहिलं. चारही उत्तरं तंजावर! इतकी एकमताची जोडी माझ्याकडे दुसरी नाही. मावशी, मग तुम्ही एकतीस वर्षं चेन्नईत काय करताय? तुम्ही तिथेही दारातच उभे आहात. एकाने पाऊल उचला ना.

तुमची
इरा

•

अड्यार, चेन्नई
२९ ऑगस्ट २०२४

चि. इरास आशीर्वाद.

तुझे पत्र मी अण्णाला मोठ्याने वाचून दाखवले. चारही उत्तरांची ओळ आली तेव्हा तो पंख्याचे कपॅसिटर बदलत होता. स्टुलावरून खाली उतरला, माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू असं लिवलीस?" मी म्हटले, "तूही लिवलास की." तो म्हणाला, "सरि, बरं. मग जाऊंया." बस्स. एकतीस वर्षांचा प्रश्न एवढ्या वेळात सुटला.

कीर्तनाचा भाऊ रणवीर तंजावरला असतो. खाली त्याचे इलेक्ट्रिक सामानाचे दुकान, वर नवा बांधलेला मजला रिकामा. त्याला कळवले, तो आनंदाने या म्हणाला. नवरात्र झाले की निघायचे. घरमालकाला सांगून झाले, गुरुवारच्या मैत्रिणींना सांगून झाले. आम्ही एक्स्चेंजमधल्या चौघी, दर गुरुवारी बेझंटनगरच्या समुद्रावर एका बाकावर बसतो. त्रिपुरसुंदरीने तर तिथेच डोळे पुसायला सुरुवात केली.

तुझे पत्र वाचले त्या दिवशी अण्णा संध्याकाळी गिंडीला गेला, बालाजीरावाच्या युनिटमध्ये. तिथे त्याने जन्मभर विजेच्या मोटारी बांधल्या. अजूनही एखादी मोटार कुरकुरली की त्याला बोलावतात. तो स्क्रूड्रायव्हरचे टोक मोटारीवर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि कुठले बेअरिंग गेले ते सांगतो. परत आला तो जेवला नाही. आनंदाने माणसाची भूक जाते म्हणतात, तसेच असेल. मी काही विचारले नाही.

तू नियम मोडलास याबद्दल तुला वाईट वाटत असेल तर वाटून घेऊ नको. आम्हाला कोणीतरी ढकलायलाच हवे होते.

तुझी
सईबाई

•

तंजावर
६ जानेवारी २०२५

इरा कण्णू,

मानाजीचा आशीर्वाद. आमच्याकडे लाडक्या लेकराला कण्णू म्हणतात. मला लिहायची सवय नाही, अक्षर बघून हसू नको. हे पत्र सईला माहीत नाही. उत्तर घरी पाठवू नको, खाली रणवीरच्या दुकानाच्या नावाने पाठव. पोस्टमन सकाळी दुकानातच टपाल देतो आणि ती वर असते.

तुझ्या कागदावर मी खोटे लिहिले. मला तंजावर नको होते. या गावात आम्ही पोरके झालो, काकाच्या घरी दुसऱ्याच्या ताटात जेवलो. मी सोळाव्या वर्षी मद्रासला पळालो तो परत यायचे नाही म्हणूनच. पण सई नवरा गेल्यावर एकदा म्हणाली होती, तंजावरला असते तर चार आपली माणसे तरी असती. ते मी विसरलो नाही. तेव्हापासून तिच्यापुढे तंजावरची स्तुती करतो, देवळाची, तलावाची, कशाचीही. तिच्या तोंडावर बरे दिसते म्हणून. कागदावर लिहिताना वाटले, तू उद्या हे सईला दाखवशील आणि सई म्हणेल, भावाला चेन्नई हवी म्हणून मी अडकले. म्हणून दोन्हीकडे तंजावर लिहिले. तिच्याही कागदावर तेच निघाले तेव्हा कळले, माझा अंदाज बरोबर होता.

आता इथे आहे. सई सकाळी देवळात जाते, आल्यावर सांगते किती छान वाटले. मी म्हणतो, हो, छान. मग दिवस उरतो. दुकानात बसलो तर रणवीर मोठ्या काकाचा मान ठेवून म्हणतो, पेरीप्पा, तुम्ही वर आराम करा. एकाही मोटारीचा आवाज ऐकायला मला कोणी बोलावत नाही. जळली की टाकून नवी लावतात. संध्याकाळी बस स्टँडवर जाऊन बसतो, चेन्नईच्या गाड्या बघतो. ड्रायव्हर ओळखायला लागले आहेत.

जिना चढताना छातीत धरते. इथल्या डॉक्टरने चिठ्ठी दिली आहे, चेन्नईला जाऊन तपासा म्हणतो. नाही जाणार. सईला कळले तर ती दुसऱ्याच दिवशी सामान बांधेल, मोठी इस्पितळे तिकडे आहेत म्हणेल. पहिल्यांदा तिला काही मनासारखे मिळाले आहे. ते मी माझ्या छातीपायी मोडणार नाही.

कोणाला तरी सांगायचे होते, तुला सांगितले. तिला कळता कामा नये.

मानाजी

•

गिंडी, चेन्नई
१४ जानेवारी २०२५

मानाजीमामा,
सा. न.

तुमचं पत्र वाचून मी दिवसभर खोलीबाहेर पडले नाही. इथे आज सगळ्या दारांपुढे पोंगलच्या रांगोळ्या आहेत, मला त्यांच्याकडे बघवेना.

चूक माझी आहे. चार उत्तरं सारखी दिसली आणि मी त्याला एकमत समजले. एक माणूस असं का लिहितो, हे विचारायचं मला सुचलं नाही. आणि वर सर्वांना सांगत सुटले की बघा, मी एक जोडी दारातून बाहेर काढली.

तुम्ही म्हणता मावशींना सांगू नको. मागच्या वेळी मी कोणाला न विचारता तोंड उघडलं आणि तुमचं घर उठवलं. आता पुन्हा तुमच्या मनाविरुद्ध बोलणार नाही. मावशी तिथे सुखी आहेत, त्यांच्या पत्रांतूनही तसंच दिसतं. पण तुम्हीच त्यांना सांगा ना. हात जोडते.

आणि छातीचं मात्र मी ऐकून घेणार नाही. महिन्याच्या आत चेन्नईला येऊन डॉक्टरांना दाखवा, कीर्तनाताईंना भेटायला चाललो म्हणून सांगा. मी बसस्टँडवर घ्यायला येईन. नाहीतर मी मावशींना कळवीन, तुम्हाला राग आला तरी.

इरा

•

तंजावर
३ फेब्रुवारी २०२५

इरा कण्णू,

दाखवले. काही नाही, वयाचे आहे म्हणाले. गोळ्या दिल्या. आता तू काही कळवायची गरज नाही.

मानाजी

•

तंजावर
१९ मार्च २०२५

चि. इरा,

अण्णा गेला. एकवीस फेब्रुवारीला. सकाळी दूध आणायला खाली गेला होता, जिन्याच्या मधल्या वळणावर बसला तो उठला नाही. मी वर तांदूळ निवडत होते. पातेले पडले असेल, त्याने हाकही मारली असेल. मला काय ऐकू येणार. रणवीरने येऊन माझा खांदा हलवला तेव्हा कळले.

तुला लगेच लिहिले नाही. 

त्याच्या हत्यारांच्या पेटीत डॉक्टरची चिठ्ठी सापडली, नोव्हेंबरातली. चेन्नईला जाऊन हृदय तपासून घ्या, असे तमिळमध्ये स्वच्छ लिहिले आहे. चेन्नईला तो गेलाच नाही. तीन महिने ती चिठ्ठी पकडी-पान्यांच्या खाली ठेवली. मला वाटते त्याला हे गाव दोन दिवसही सोडवत नव्हते.

आता तुला एक सांगते, कारण आता सांगून कोणाचे काही बिघडत नाही. तुझ्या कागदावर मी खोटे लिहिले होते. मला इथे यायचेच नव्हते. मला माझा गुरुवारचा बाक हवा होता. त्या तिघी माझ्याशी बोलताना तोंड माझ्याकडे करतात, हळू बोलतात, हातवारे करतात. इथे सगळे घाईत. दुसरीकडे बघत बोलतात, मी अंदाजाने हसते. देवळात जाऊन तासभर बसायचे आणि घरी येऊन छान वाटले म्हणायचे, असे चार महिने केले. अण्णा जन्मभर तंजावर तंजावर करायचा ना. वाटले, माझ्यापायी त्याने लग्न केले नाही, माझ्यापायी गावीही परतला नाही, निदान कागदावर तरी मी त्याच्या आड यायला नको. एक्स्चेंजमध्ये काम केले आहे मी. गुप्त म्हणून सांगितलेले किती गुप्त राहते ते मला ठाऊक आहे. तो कागद त्याच्या हाती जाणारच, असे धरून लिहिले. आणि तू ते खरे करून दाखवलेस.

तू पत्र पाठवायच्या आधी आमचे बरे चालले होते. तो स्तुती करायचा, मी हो म्हणायचे, कोणी उठत नव्हते. तू ते कागदावर आणलेस, मग नाही कोण म्हणणार? तुला दोष देत नाही. शेवटी हो म्हणणारी मीच.

रणवीर सांगतो, जानेवारीत दुकानाच्या पत्त्यावर अण्णाच्या नावाचे तुझे पत्र आले होते. म्हणजे त्याने तुला लिहिले असणार. काय लिहिले होते ते मला नको. एवढेच सांग, तो इथे सुखात होता ना? माझ्यापाशी आता तेवढेच आहे.

सईबाई

•

गिंडी, चेन्नई
२ एप्रिल २०२५

प्रिय सईमावशी,

तुमचं पत्र आल्यापासून मी पाच उत्तरं लिहिली आणि पाचही फाडली. एकात 'हो' लिहिलं होतं.

मामांनी मला लिहिलं होतं. जानेवारीपासून मला काही गोष्टी माहीत होत्या आणि मी गप्प राहिले. छातीचंही माहीत होतं. दाखवलं म्हणून त्यांनी कळवलं, आणि मी ते खरं मानलं, कारण मला ते खरं असायला हवं होतं. एक फोन रणवीरदादांना केला असता तर? हा प्रश्न आता माझ्यापासून सुटणार नाही. तुम्ही मला क्षमा करावी असं मी म्हणणार नाही.

आधी तुमच्या वतीने ठरवून मी बोलले. मग मामांच्या वतीने ठरवून गप्प बसले. दोन्ही वेळा मला वाटलं, मी तुमचं भलं करतेय. आता तिसऱ्यांदा ठरवायची माझी हिंमत नाही. म्हणून या पत्रासोबत दुसरं पाकीट ठेवलंय. त्यात मामांचं पत्र आहे, त्यांच्या हाताचं. डिंकाने चिकटवलंय. वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. न वाचता जाळलंत तरी मी विचारणार नाही.

जोडी क्रमांक सतरा मी प्रबंधातून काढून टाकतेय. सरांना खरं कारण सांगितलं. 

तुमची
इरा

•

तंजावर
१७ एप्रिल २०२५

चि. इरास आशीर्वाद.

पाकीट मिळाले. आठ दिवस माझ्या उशाशी होते. फोडले नाही आणि आता फोडणारही नाही. तू हुशार मुलगी, पण एवढे तुझ्या लक्षात आले नाही. सुखाचे पत्र असते तर तू ते उघडेच पाठवले असतेस. पहिल्याच ओळीत लिहिले असतेस, मावशी, मामा फार सुखात होते. डिंक लावलास तेव्हाच उत्तर दिलेस.

बाकीचे मी आपले आपण जोडून घेतले. बोलणी जोडून द्यायचेच काम केले आहे. त्याला यायचे नव्हते, मला यायचे नव्हते. मला बरे वाटावे म्हणून तो बरे वाटते म्हणत होता, आणि त्याला बरे वाटावे म्हणून मी. चिठ्ठी त्याने का लपवली तेही कळले. परवा जिन्यात त्या वळणावर बसून मी खूप रडले. रणवीरची बायको धावत आली, तिला वाटले पडले. तिला काय सांगणार? समोरासमोर बसून दोन वेळा जेवत होतो आम्ही. त्याचे ओठ मला या जगात सगळ्यांत चांगले वाचता येत होते, आणि एवढे एक वाचता आले नाही. राग येतो मला त्याचा. विचारायचे नाही मला एकदा? मग आठवते, मी तरी कुठे विचारले.

तुझाही राग आला होता. जानेवारीत एक ओळ लिहिली असतीस तर मी त्याला त्याच दिवशी गाडीत घातले असते. हे लिहायचे नाही असे ठरवले होते, पण आता मनात ठेवून दुसऱ्याला बरे वाटू देण्याचा कंटाळा आला. तू लहान आहेस. हे ओझे तुला बरीच वर्षे राहील, ते मला काढून घेता येत नाही.

आम्हाला तुझ्या पुस्तकातून खोडू नको. चार उत्तरे सारखी आली की एकमत समजू नये, एवढे लिही आणि खाली सतरा नंबर घाल. नावे घालू नको.

काल कीर्तना येऊन गेली. माझ्यासमोर बसून, तोंड माझ्याकडे करून, अगदी हळू बोलली. शिकून आली असावी. म्हणाली, "आत्या, खरं सांगा. तुम्हाला काय पायजे? हितंच राहाता की माझ्यासंगं चेन्नईला येता?"

इरा, मी तोंड उघडले होते ग. चेन्नई म्हणायलाच उघडले होते. मग वाटले, तिचे घर दोन खोल्यांचे, नवरा-बायको दोघे कामावर जाणारे, माझे हे कान. म्हटले, "तुला जसं सोयीचं, तसं."

तिने रणवीरकडे बघितले. रणवीर म्हणाला, आत्याला इथेच बरे वाटते.

सईबाई